एकोणीस काड्या

माझ्या धाकट्या बहिणीचं, रिबेकाचं, लग्न झालं त्या वर्षीच्या नाताळात सतरा तारीख उजाडली तरी आमच्या गव्हाणीत एकच काडी पडली होती. तीही मीच टाकलेली.

"आई, एका काडीवर बाळ निजायचं कसं?" अंतोन म्हणाला. "मरियाबाईला रात्रभर कडेवर घेऊन बसावं लागेल."

"मग टाक की तू दुसरी."

"काड्या घालणं चांगल्या माणसाचं काम नाही. सगळा गाव सांगेल तुला."

मोनिका वेणी घालत होती. ती तोंडातल्या तोंडात हसली. मी हातातलं लाटणं तिच्याकडे रोखलं, तर म्हणाली, "मी कुठं काय बोलले? मला शाळेला उशीर होतोय."

अंतोन तेव्हा अकरावीत होता. मिसरूड फुटलं होतं आणि आवाज घोगरा झाला होता. मोनिका नववीत होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हीच पोरं डिसेंबर लागला की नाचायची. पहिल्या तारखेला मी पत्र्याच्या पेटीवर गोठा मांडायची. सिमेंटच्या कागदी पोत्यांचे डोंगर, डब्याच्या झाकणात उगवलेले हिरवे गहू, मातीचे मेंढपाळ, डोकं डिंकाने चिकटवलेला एक राजा. मधोमध गव्हाण. ती ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, लाजरसने, साबणाच्या खोक्याच्या फळीतून केली होती. हे साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते, पण हात सुताराचा होता. बाळ येशू तेवढा कापसात गुंडाळून कपाटात असायचा. चोवीस तारखेपर्यंत त्याची गव्हाण रिकामी. तिच्याशेजारी एक वाटी, आणि वाटीत बोटभर कापलेल्या गव्हाच्या काड्या.

दिवसातून एखादं चांगलं काम केलं, की वाटीतली एक काडी उचलून गव्हाणीत टाकायची. नाताळपर्यंत बाळाला मऊ बिछाना तयार. नियम एकच. कुणी कशाची काडी टाकली ते सांगायचं नाही, विचारायचं नाही, बघायचंही नाही. सांगितलेली काडी बाळाला टोचते.

लहानपणी पोरं काडीसाठी पुण्य शोधत हिंडायची. अंतोनने एकदा शेजारच्या म्हातारीला, ती नको नको म्हणत असताना, पाटाच्या पलीकडे नेऊन सोडलं होतं. ती बिचारी शिव्या देत एकटीच परत आली.

ही रीत आमच्या घरात माझ्या नणंदेने आणली. मार्था तिचं नाव. ह्यांची थोरली बहीण. हे तिला आक्का म्हणायचे, मी वन्सं म्हणायची. ऐन तरुणपणी नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरात होती. मिशनच्या दवाखान्यात सिस्टरांच्या हाताखाली झाडलोट करायची, तिथूनच ही काड्यांची रीत शिकून आली. मला करंजीची मुरड घालायला तिनेच शिकवलं. माझी पोरं तिच्या मांडीवर वाढली.

ती आमच्या घरात होती, असं म्हणते. त्या नाताळाच्या चार वर्षं आधी मी तिला घराबाहेर काढलं होतं.

तिला क्षय झाला होता. खोकला, थुंकीत रक्त. दवाखान्यातून गोळ्या आणि सुया चालू होत्या. त्याच हिवाळ्यात माझं तिसरं लेकरू, दीड वर्षाचा स्तेफन, खोकायला लागला. खोकता खोकता निळा पडायचा, श्वास घेताना कोंबड्यासारखा आवाज यायचा. अठरा दिवसांत गेला. पुरून आल्यावर मी वन्सांचा बिछाना उचलून अंगणात फेकला. म्हणाले, "माझं लेकरू खाल्लंस. आता ह्या दोघांवर डोळा आहे का?" ती एक शब्द बोलली नाही. पिशवी भरली आणि पाटापलीकडच्या पाटबंधाऱ्याच्या जुन्या चाळीत एक खोली घेऊन राहिली. मी पोरांना गव्हाणीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की आत्याच्या वाऱ्यालाही उभं राहणार नाही. पुढे ती बरी झाली असं लोक सांगायचे. मी कान झाकून घ्यायची. घरात तिचं नाव निघत नव्हतं.

तिची रीत मात्र मी सोडली नाही. लेकरू गेलं, पण नाताळ गेला नाही पाहिजे, हा माझा हेका होता. आणि आता पोरं मोठी होऊन नाताळ हातातून निसटत होता. नाताळच्या दिवशी फादर घरोघरी गोठ्याला आशीर्वाद द्यायला यायचे. एक काडी घातलेली गव्हाण त्यांना दाखवायची म्हणजे मला मान खाली घालावी लागली असती.

अठरा तारखेला सकाळी बघते, तर गव्हाणीत चार काड्या.

मी कुणाला काही बोलले नाही. नियमच तसा. पण चहात साखर जास्त घातली. एकोणिसाला सात झाल्या. विसाला दहा. मी करंज्या करायला बसले आणि कढईसमोर बसून एकटीच गाणं म्हणत होते.

"आज काय विशेष?" ह्यांनी विचारलं.

"पोरं वळणावर आली."

हे करंजीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. पोरं चांगली आहेत."

एकविसाला माझं मन खटकलं. गव्हाणीत तेरा काड्या झाल्या होत्या, पण घरात चांगलं काम म्हणाल तर एक दिसेना. मोनिका शाळा सुटल्यावर दोन दोन तास उशिरा येत होती. विचारलं की म्हणायची, "शिकवणी आहे." पाण्याची कळशी उचलायला सांगितली की तोंड वाकडं. अंतोन बॅट घेऊन जायचा आणि येताना शर्ट ओला. "खेळताना घाम आला." डिसेंबरच्या थंडीत कसला आलाय घाम? त्यातच टोपल्यातल्या भाकरी कमी होऊ लागल्या. दोरीवर वाळत टाकलेली माझी गोधडी नाहीशी झाली. बाविसाला करंज्यांचा डबा उघडला, तर वरचा थर गेलेला.

"अंतोन, करंज्यांना हात लावलास?"

"नाही."

"मोनिका?"

"नाही, आई." आणि तिने मान खाली घातली.

त्या दिवशी गव्हाणीत सतरा काड्या होत्या. तेविसाला दुपारी एकोणीस झाल्या. काड्या गव्हाणीच्या कडेवरून बाहेर डोकावत होत्या. मला वाटलं, हे मला वेडी समजतात. आईला काड्या हव्यात ना, मग घे काड्या, मूठ मूठ घे. घरात चोऱ्या करायच्या आणि देवाच्या गव्हाणीत पुण्य भरायचं.

दोघंही अंगणात होती. मोनिका ओट्यावर बसून कसलं तरी फडकं धूत होती. अंतोन सायकलचं चाक फिरवून बघत होता. मी गव्हाण उचलून बाहेर आणली.

"ही कुणाची थट्टा आहे?"

"काय झालं?" अंतोन म्हणाला.

"एकोणीस! सात दिवसांत एकोणीस! कुठं केलीत एवढी चांगली कामं? माझ्या घरात तर नाही केलीत. करंज्या चोरल्यात त्याची एक काडी, खोटं बोललात त्याची एक, असा हिशोब आहे का?"

"आई, गव्हाण आत ठेव," मोनिका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"ठेवते ना." मी गव्हाण शेळीपुढे उलटी केली. आमची चिंगी सदा भुकेली. तिने दोन घासांत सगळं संपवलं आणि मान वर करून आणखी आहे का बघू लागली.

अंतोनच्या हातातून चाक सुटलं. मोनिका उठून उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"आत्याची पण होती त्यात," ती म्हणाली.

"कुणाची?"

"मार्थाआत्याची. ती म्हणाली, मला तिकडे येता येत नाही, माझी एक काडी तुम्ही नेऊन टाका. आज सकाळी नेऊन टाकली मी."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. ती कुठल्या तरी दुसऱ्याच मार्थाबद्दल बोलते आहे असं वाटलं.

"मोने, गप्प बस," अंतोन म्हणाला. "सांगितलेली काडी..."

"टोचू दे! आता कुणाला टोचणार? शेळीच्या पोटात गेल्यात." ती माझ्याकडे वळली आणि बोटांवर मोजत सांगू लागली. "आत्या नळावर पडली होती, दादाने उचलून खोलीत नेली, ती एक. तिचं पाणी भरलं, ती एक. मी केस विंचरले. किती गुंता होता माहीत आहे? दोन दिवस लागले, त्याच्या दोन. दादाने तिला उचलून उन्हात बसवलं. तिच्या उलटीचं भांडं धुतलं. हे बघ, हे तिचंच फडकं आहे. करंज्या मी चोरल्या. त्याची काडी नाही टाकली मी, आई. चोरीची टाकत नसतात, एवढं कळतं मला."

"क्षय आहे तिला!" मी ओरडले. मी धावत जाऊन तिच्या हातातलं फडकं हिसकावलं आणि लांब फेकलं. "तुलाही घेऊन जाईल ती! शपथ घेतली होतीत तुम्ही! स्तेफनला खाल्लं तिने, माझ्या दीड वर्षाच्या..."

"फुला."

हे दारात उभे होते. पहिल्या पाळीवरून आले होते, हातात डबा तसाच. हे मला कधी नावाने हाक मारत नसत. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, अगं म्हणूनच चाललं होतं.

"त्यातल्या चार काड्या माझ्या होत्या," हे म्हणाले.

"तुमच्या?"

"आक्काचा क्षय कधीच बरा झाला. आता पोटात गाठ आहे. मोठ्या दवाखान्यातून परत पाठवलं. काही दिवसांचं काम आहे."

"मग स्तेफन..."

"स्तेफन क्षयाने गेला नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

ह्यांनी डबा ओट्यावर ठेवला. झाकण नीट बसवलं. ते बसलेलंच होतं.

"तो गेला त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी आणि आक्का होतो तिथं. तू बाहेर त्याला मांडीवर घेऊन बसली होतीस. डांग्या खोकला होता तो. त्याची सुई असते. टोचली असती तर..." हे थांबले.

मला टोचणीवाली सिस्टर आठवली. पेटी घेऊन वस्तीत आली होती. अंतोनला लहानपणी सुई टोचली तेव्हा मांडी सुजून तो आठ दिवस तापाने फणफणला होता. म्हणून मी स्तेफनला, तो रडू नये म्हणून, कणगीमागे नेऊन अंगावर घेतला होता आणि तिथूनच ओरडून सांगितलं होतं, घरात लहान मूल नाही. सिस्टरने वहीत काहीतरी लिहिलं आणि ती पुढे गेली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आक्काला माहीत होतं," हे म्हणाले. "त्या दिवशी ती घरातच होती. तिने बघितलं होतं तुला."

"मग बोलली का नाही? मी तिला एवढं बोलले. बिछाना फेकला तिचा. तेव्हा का नाही बोलली?"

"मी सांगणारच होतो. तिने माझा हात धरला. म्हणाली, लाजरस, फुलाला कळता कामा नये. माझ्यावर राग धरला तर ती जगेल. स्वतःवर धरला तर विहीर जवळ करेल."

चिंगी माझ्या हातातली गव्हाण चाटत होती. मी गव्हाण तशीच उराशी धरली आणि चालू लागले. पायात चपला नव्हत्या हे मला पाटावरच्या खडीत कळलं. मोनिका माझ्या मागून येत होती.

चाळीतली ती शेवटची खोली. वन्सं माझी गोधडी पांघरून पडल्या होत्या. मोठ्या हाडापेराची बाई ती, दोन कळशा एकदम उचलायची. आता गोधडीखाली कुणी आहे की नाही, इतकं अंग उरलं होतं. केस मात्र विंचरलेले होते, दोन वेण्या घालून लाल फितीत बांधलेले. मोनिकाच्या शाळेच्या फिती.

उशाशी ताटलीत माझ्या करंज्या होत्या. एकही खाल्लेली नव्हती.

"फुला का?" त्यांनी डोळे बारीक केले. "पोरांना मारलंस तर बघ. करंज्या मीच मागवल्या होत्या."

"खाल्ल्या का नाहीत?"

"पोटात राहत नाही काही. बघायच्या होत्या नुसत्या. मुरड बघितली तुझी. पहिल्यांदा घातलीस तेव्हा सगळं सारण तेलात सांडलं होतं. आठवतं?"

मी दारातच उभी होते. मग म्हणाले, "वन्सं, ह्यांनी मला सगळं सांगितलं."

त्या भिंतीकडे बघू लागल्या. म्हणाल्या, "लाजरसच्या पोटात कधी काही राहिलं नाही. लहानपणापासून तसाच." मग माझ्याकडे मान वळवली. "टोचलं असेल ना गं?"

मी खाली बसले. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय बर्फासारखे होते. त्या म्हणाल्या, "ऊठ, ऊठ. मोने, तुझ्या आईला पाणी दे. अनवाणी आलीय बघ."

"घरी चला, वन्सं."

"आता दोन दिवसांसाठी कशाला ओढाताण करतेस?"

"गव्हाण रिकामी आहे. सगळ्या काड्या मी शेळीला घातल्या. तुमची पण."

त्यांनी माझ्या हातातल्या गव्हाणीकडे बघितलं आणि हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मोनिकाने पाठीवरून हात फिरवला. "चिंगीला?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. येशूच्या गोठ्यातही गुरं होतीच की. त्यांनी काय उपास केला असेल?"

"तुमची काडी कशाची होती ती?" मला राहवलं नाही.

"विचारायचं नसतं, फुला. एवढी वर्षं रीत चालवलीस आणि एवढंही शिकली नाहीस?"

अंतोन सायकल घेऊन आला. मागच्या कॅरियरवर गोधडीची घडी टाकून वन्सांना बसवलं. अंतोन हँडल धरून चालत होता, मोनिका एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने त्यांच्या कमरेला हात घालून. पाटावर लोक थांबून बघत होते. शेजारची म्हातारी म्हणाली, "ह्या पोराला माणसं पाटापलीकडे न्यायचं वेड लहानपणापासूनच आहे." वन्सं सायकलवरून म्हणाल्या, "ह्या खेपेला अलीकडे आणतोय, मावशी."

त्यांची खाट आम्ही गोठ्याशेजारी टाकली. चोवीस तारखेला दिवसभर मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम बाहेर आले नाही. दिवेलागणीला कपाटातून बाळ काढलं, कापूस सोडवला आणि गोठ्याजवळ गेले. गव्हाण भरली होती. किती काड्या होत्या ते मी मोजलं नाही. बाळ वन्सांच्या हातात दिलं. त्यांच्या हातात जोर नव्हता म्हणून अंतोनने खालून आपला हात लावला, आणि दोघांनी मिळून बाळ निजवलं. अंतोनच्या तोंडून एक चेष्टेचा शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी फादर आले, आशीर्वाद दिला, करंजी खाल्ली. म्हणाले, "बाळाचा बिछाना झकास झालाय ह्या वेळी." वन्सं झोपल्या होत्या.

आता अंतोनची मुलं त्या वयाची आहेत. नाताळात पुण्याहून येतात, दिवसभर फोनमध्ये डोकं. मी गोठा मांडते, काड्यांची वाटी शेजारी ठेवते. कुणाला आठवण करून देत नाही. पन्नाशीला आल्यावर सिस्टरांच्या वर्गात मी अक्षरं शिकले. वाचता यायला लागल्यावर एकटीच दफनभूमीत गेले. दोन क्रूस शेजारी शेजारी आहेत, एक लहान, एक मोठा. मोठ्यावर अंतोनने रंगाने लिहिलेलं होतं, ते बोट ठेवून वाचलं.

माझी नणंद मार्था गुरुवारी, २७ डिसेंबर १९७९ रोजी, सकाळी सात वाजता आमच्या घरात वारली. तिचं वय एक्कावन्न होतं.